दूध नासलं तो मे महिना

१४ मे. सकाळचे साडेआठ वाजलेत आणि मी गच्चीवर उकिडवी बसून फ्लशच्या टाकीची जाळी घासते आहे. रबरी मोजे, जुना टूथब्रश, अर्धी बादली पाणी. जाळीवर करडी, बुळबुळीत साय धरते. ब्रशने जात नाही. चिमटीने एक कोपरा सोडवून ओढावी लागते, मग सगळी एकदम निघते.

या टाकीतलं पाणी आमच्या आणि शेजारच्या इमारतीच्या सांडपाण्यातून येतं. तळघरातल्या प्लँटमध्ये ते स्वच्छ होतं, पंपाने वर चढतं आणि फक्त संडासाच्या फ्लशला नि बागेला जातं. प्लँट सांभाळणारा जनार्दन भाचीच्या लग्नाला गेलाय. सोसायटीची सेक्रेटरी मी, शाळेला सुट्टी, तेव्हा जाळी माझ्याकडे आली.

पलीकडे चौथ्या मजल्यावरच्या मालतीबाई प्लॅस्टिकवर पापड मांडत होत्या.

"अगंबाई, मॅडम, हाताने?"

"पायाने जमत नाही."

"तसं नाही हो. वास येत असेल ना?"

"या, बघा."

त्यांनी पदर नाकाशी नेला आणि तीन पावलं मागे सरकल्या. वास नव्हताच. पण नाकावर पदर असला की वास आहेच असं माणूस धरून चालतो. "आमचे पापड आहेत इकडे, जरा बेताने झटका," असं सांगून त्या पुन्हा कामाला लागल्या आणि वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, "काही म्हणा, तुमच्या माहेरच्या पाण्याची सर कशालाच नाही. परवा मुलांच्या रेन डान्सला शर्वरीने तिथलेच टँकर सांगितलेत. उद्या सकाळी पहिला येईल."

ज्यांना रेन डान्स ठाऊक नाही त्यांना सांगते. ऐन मे महिन्यात पार्किंगमध्ये पाइपांची चौकट उभी करायची, पाइपांना भोकं पाडायची, वरून पाणी सोडायचं, खाली स्पीकर लावायचे आणि नाचायचं. पाणी टायरांच्या कडेकडेने गटारात जातं. तासाभरात टँकर संपतो.

हातातल्या सायीची मला मघापासून किळस आली नव्हती. रेन डान्स हा शब्द ऐकला आणि ब्रश बादलीत टाकून दिला.

माझं माहेर भुईगाव. समुद्रावर चालत गेलं तर दहा मिनिटं, आणि तरी आमच्या विहिरीचं पाणी गोड. याचा केवढा तोरा होता घरात! पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या, मग खुशाली. त्याने "काय गोड पाणी!" म्हणेपर्यंत बाबा त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मे महिन्यात वाडीत उजाडायच्या आत मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, नाहीतर ऊन चढलं की फुलतात आणि बाजारात पडून राहतात. केळीची पानं दुपारच्या वाऱ्याने एकमेकींवर आपटत. पाटातून पाणी सोडलं की आधी जमीन चुर्र करी, मग मातीचा वास, मग बेडूक. अनवाणी पायाला पाटाचं पाणी लागलं की ऊन विसरायला व्हायचं.

मी भूगोल शिकवते. किनाऱ्यालगतच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, वरून जास्त उपसलं की खालून खारं वर येतं, हे मी वीस वर्षं फळ्यावर काढते आहे. निळ्या खडूने गोडं, पांढऱ्या खडूने खारं. मधली रेघ मुलांना नेहमी वाकडी काढू नका म्हणून सांगते.

आणि तरीही ते मी केलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या इमारतीला मे महिन्यात जे टँकर येत त्यांचं पाणी पिवळट असायचं. कुठून आणलं विचारलं तर ड्रायव्हर हात हलवून "उधर से" म्हणायचा. सभेत आरडाओरडा झाला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या भावाची विहीर आहे भुईगावला. गोडी. मी विचारते." टाळ्या पडल्या. दादा कुणाला पाणी देत नव्हता. गावातल्या एकदोघांनी टँकरला विहिरी लावल्या होत्या, त्यांना तो घरी बसून नावं ठेवायचा. मी म्हटल्यावर मात्र एकदाही प्रश्न न विचारता म्हणाला, "तुझ्या सोसायटीला म्हणून. दुसऱ्या कुणाला थेंब नाही."

पहिला टँकर आला तेव्हा बायका बाटल्या घेऊन खाली उतरल्या. लिफ्टमध्ये कुणी ना कुणी म्हणायचंच, "तुमच्या माहेरचं पाणी पितो हो आम्ही!" मी हसायचे. मिरवायचे, असंच म्हणते. त्या पाण्याने लोक गाड्या धुवत होते, जिने धुवत होते, आणि निम्मंअधिक संडासात ओतत होते. लिफ्टमधून उतरताना मला ते दिसत होतं. सांगायची लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आपल्या घरचं पाणी कौतुकाचं झालंय, एवढंच डोक्यात.

पावसाळा सोडला तर टँकर वर्षभर येत राहिले. मग पुढचा मे आला.

सुट्टी लागली म्हणून दोन दिवस राहायला भुईगावला गेले होते. वहिनीने चहा टाकला. दूध घातलं आणि पातेल्यात पांढरे कण फिरायला लागले. "दूधच शिळं असेल," वहिनी म्हणाली आणि पातेलं मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध ताजं, माझ्यासमोर दारात आलेलं. पुन्हा नासलं. वहिनीने माझ्याकडे पाठ केली आणि पातेलं उचललं.

"थांब," मी म्हटलं. ओंजळभर पाणी माठातून घेतलं आणि प्यायले.

खारट नव्हतं. अजून नव्हतं. पण घशाखाली जाताना जिभेच्या कडांना काहीतरी चाटून गेलं. समुद्रात पोहून आल्यावर ओठांवर राहतं तसलं.

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने." वहिनी ओट्यावरचा फडका घट्ट पिळत होती. "डाळ शिजत नव्हती आधी. मग मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. यांना वाटलं, खताचं प्रमाण चुकलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या सोसायटीचं काम ताई. तुम्ही शब्द टाकलेला. मी कशी सांगणार, तुमचा टँकर नको म्हणून?"

पंचवीस वर्षं ही बाई त्या विहिरीचं पाणी ओढते आहे. लग्न होऊन आली त्या दिवशी दारात ओलांडलेल्या मापाचे तांदूळ पायाला होते तेव्हा तिला आधी विहिरीवर नेलं होतं, हळदकुंकू वाहायला. आणि नणंदेच्या तोंडावर विहीर खारी झाली म्हणायचं नाही म्हणून तीन महिने ती नासलेला चहा मोरीत ओतत होती. रोज सकाळी नवऱ्याला कोरा चहा देताना काय सांगत होती, ते मी विचारलं नाही.

मी वाडीत गेले. मोगऱ्याच्या पानांच्या कडा खरंच तपकिरी झाल्या होत्या, मेणबत्तीवर धरल्यासारख्या. आणि विहिरीपलीकडे बावखल होतं तिथे अर्ध्या जागेत सपाट मैदान होतं, टँकरच्या चाकांनी दाबून कडक झालेलं.

बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांतलं खोदलेलं तळं. पावसाळ्यात भरतं, मग ते पाणी जमिनीत मुरत राहतं आणि शेजारच्या विहिरीला गोड ठेवतं. दर मे महिन्यात तळाला गेलेलं पाणी बघून गाळ उपसायचा आणि केळीच्या बुडाशी घालायचा. घरातल्या सगळ्यांनी उतरायचं. मला त्याची भयंकर किळस होती. गुडघ्यापर्यंत काळा, गरम चिखल, कुजक्या अंड्याचा वास, पोटऱ्यांवरून काहीतरी वळवळत गेल्याचा भास. मी काठावर उभी राहून घमेली मोजायचे नाटक करायचे आणि आई खालून ओरडायची, "उतर गो बये, पाय झिजत नाहीत!" पुढच्या वर्षी त्याच गाळावर पोसलेले राजेळी केळ्याचे घड दोन माणसांना उचलायला लागत.

ते अर्धं बावखल मीच बुजवलं होतं. टँकर सुरू झाले त्याच वर्षी आमच्या सोसायटीने आवारातल्या जुन्या लाद्या उखडून नव्या बसवल्या. राडारोडा टाकायचा कुठे, हा प्रश्न होता. दादाकडे येणारा टँकर गल्लीतून आत येत होता, पण वळायला जागा नव्हती, मागे मागे जाताना कुंपणं मोडत होती. मी एका फोनमध्ये दोन्ही प्रश्न सोडवले. तीन डंपर पाठवले. दादाने आभार मानले. मला वाटलं, काय हुशारी केली.

किळस हा शब्द लोक फार स्वस्तात वापरतात. मी त्या दुपारी बांधावर उभी राहून स्वतःकडे बघत होते तेव्हा मला त्याचा नीट अर्थ लागला.

दादा जेवायला आला तेव्हा मी म्हटलं, "टँकर बंद कर."

"आणि तुझे लोक काय पितील? जूनला महिना आहे."

"पितात थोडंच. वाहवतात."

"मग ते तू बघ." तो भात कालवत म्हणाला. "तू आणलास, तू थांबव. तुझा शब्द मी मोडणार नाही."

म्हणजे विहीर वाचवायची तर आधी आमच्या इमारतीची तहान कमी करायची, असं ठरलं. ती तहान बहुतेक संडासाची होती.

परत आल्यावर मी वॉचमनकडून तळघराची किल्ली घेतली. इमारत बांधली तेव्हाच तिथे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट बसवलेला होता. मंजुरीसाठी लागतो म्हणून. एक दिवसही चाललेला नव्हता. आत टाक्यांवर गणपतीच्या मखराचे सांगाडे, नवरात्रातले फाटके पडदे, तीन मोडक्या सायकली, आणि वाळलेल्या हारांनी भरलेली गोणी, जी पवित्र म्हणून कचऱ्यात टाकता येत नव्हती आणि घाण वाटते म्हणून घरातही ठेवता येत नव्हती. उंदीर माजले होते. आमच्या सोसायटीची सगळी श्रद्धा आणि सगळा आळस एका खोलीत बंद करून वर कुलूप लावलेलं होतं.

जनार्दन मला एका ओळखीतून मिळाला. खाडीकाठच्या गावचा, पन्नाशीचा, कारखान्यातल्या असल्याच प्लँटवर आयुष्य गेलेलं. त्याने सगळ्या टाक्यांत बॅटरी मारून बघितलं, पाइपावर बोटांनी टकटक केली आणि म्हणाला, "ताई, मशीन चांगली हाय. कोनी चालवलीच नाय."

"चालू होईल?"

"होईल. पन आधी जीव सोडायला पायजेत. शेन आना ताजा, आनि गूळ."

"गूळ?"

"शेनातले किडे असतान ना, बारीक, डोल्यांना नाय दिसत. त्यांना पयले गोड खायाला घालायचा. जगले का मग ते घान खातान. आपल्यासारकेच."

शेण वहिनीने दिलं. रिक्षातून दोन डबे आणले, झाकणं घट्ट, तरी रिक्षावाला आरशातून सारखा माझ्याकडे बघत होता. गूळ मी डब्यातला नेला. जनार्दनने बादलीत सगळं कालवलं, दंडापर्यंत हात घालून, आणि टाकीत ओतताना काहीतरी पुटपुटला. मंत्र आहे का विचारलं तर म्हणाला, "नाय ताई, म्हटलं, मेहेरबानी करून जगा."

जगले. पंधरा दिवसांनी टाकीत करडा फेस आला, त्यानंतर पाणी निवळायला लागलं. मग नवीनच अडचण. जनार्दन एक दिवस दारात उभा, डोकं खाजवत.

"ताई, मैला कमी पडतंय."

"काय कमी पडतंय?"

"मैला. मशीन मोठी हाय, चार बिल्डिंगींची. तुमी एकच. उपाशी हाय ती. किडे मरतान."

आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांकडे घाण मागायला गेले.

शेजारच्या इमारतीचे अध्यक्ष निवृत्त साहेब आहेत. पांढरा लेंगा, इस्त्रीचा. मी सांगितलं: तुमचं सांडपाणी आमच्या प्लँटला जोडा, शुद्ध झालेलं निम्मं तुमच्या फ्लशला परत, दोघांचेही टँकर कमी. महापालिकेच्या अभियंता बाई येऊन बघून गेल्या होत्या, नाकाला रुमाल न लावता खाली उतरल्या होत्या. दोन्ही इमारती एकत्र आल्या तर उरलेलं पाणी रस्त्याच्या दुभाजकावरच्या झाडांना घेऊ, असं त्यांनी सांगितलं होतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"कल्पना उत्तम आहे मॅडम. पण ते मिसळणार ना?"

"काय मिसळणार?"

"म्हणजे... तुमच्याकडचं आणि आमच्याकडचं. आमची इमारत पूर्ण शाकाहारी आहे."

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. साहेब थट्टा करत नव्हते.

"साहेब, ते फ्लशला जाणार आहे."

"हो, पण तरी."

मी आमच्या सभेत हे सांगून सगळ्यांना हसवायचं ठरवलं होतं. आमच्याकडचे लोक त्याहून वर निघाले. "त्यांच्या तळमजल्यावर मजूर राहतात भाड्याने, एकेका खोलीत आठ-आठ. त्यांचं आपल्याकडे घ्यायचं?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, घ्यायचंच तर टाक्या वेगळ्या करता येतील का, आपलं आपल्याला. मालतीबाईंनी बागेतल्या तुळशीचा प्रश्न काढला आणि त्यावर तासभर गेला. शेवटी तुळशीला ज्याने त्याने घरून तांब्या आणायचा, असं ठरलं. तांब्यात पाणी कुठलं? भुईगावच्या विहिरीचं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन हात तीनदा धुतले. दिवसभर मी तळघरात गेलेही नव्हते.

माणसाच्या पोटातून निघालेलं काहीही टाकीतल्या किड्यांना सारखंच. ते जात विचारत नाहीत. मालक की भाडेकरू, हेही विचारत नाहीत. नाक दाबणारी माणसं नेमकी तेवढंच विचारतात. वर्गात मी मुलांना सांगते की पाणी सगळीकडे फिरतं, ढगातून जमिनीत, जमिनीतून झाडात. मुलांना गंमत वाटते. मोठ्यांना सांगितलं की त्यांना उलटी येते.

सुटलं ते कुणाच्या शहाणपणाने नाही. शेजारच्या इमारतीचे टँकर दोन दिवस आले नाहीत. दोन दिवस फ्लशला पाणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः माझ्या दारात, लेंगा चुरगळलेला. "मॅडम, ते जोडायचं म्हणत होता..." जनार्दनने आठवड्यात पाइप जोडला. मशीनचं पोट भरलं.

गेल्या मे महिन्यात टँकर निम्म्यावर आले. पावसाळा बरा झाला, थंडीत वहिनीने फोन करून सांगितलं, "ताई, चहा झाला." एवढंच. या मे महिन्यात आजपर्यंत भुईगावहून एकही टँकर निघालेला नव्हता. मोगऱ्याला नवी पानं आहेत, कडा हिरव्या. पण विहीर काठावर आहे; वहिनी रोज सकाळी आधी एक चमचा दूध गरम पाण्यात टाकून बघते, मग आधण ठेवते.

आणि आता रेन डान्स.

मी जाळी बसवली, मोजे काढले आणि शर्वरीकडे गेले. सांस्कृतिक समितीची अध्यक्ष. हुशार मुलगी आहे, कामाला वाघ. दारातच हसली.

"मॅडम, एका दिवसाचा प्रश्न आहे. मुलं सुट्टीभर मोबाइल घेऊन बसलीत. आणि तुम्ही एवढं पाणी वाचवलंत ना वर्षभर? त्यातलंच थोडं वापरतोय असं समजा!"

आपण काटकसर करून जे मागे ठेवतो, ते दुसऱ्याला उधळायला मोकळं झालेलं दिसतं. वर्षभर मैला मागत फिरले ती यासाठी.

गेटवर टँकर अडवता आला असता मला. पण विहिरीतून निघालेलं पाणी परत विहिरीत जात नाही. तेव्हा संध्याकाळी स्कूटर काढली आणि भुईगावला गेले.

दादा ओटीवर बसला होता. "तुझ्याच सोसायटीचं काम म्हणून हो म्हटलं," तो म्हणाला. "टँकरवाल्याचा फोन आला. तू विचारत नाहीस आताशा, पण मला वाटलं, तुझाच निरोप."

"नाही म्हणून सांग त्याला."

दादाने फोन उचलला आणि परत खाली ठेवला. मग म्हणाला, "हे दोन टँकर नाही म्हणेन. पण त्याने पुढचंही विचारलं, सुले. पलीकडच्या नव्या इमारतीला हवंय. उद्यापासून पाऊस पडेपर्यंत. मी शब्द दिला."

"दुसऱ्या कुणाला थेंब नाही म्हणाला होतास."

"तेव्हा वाट नव्हती. आता टँकर आत येतो, वळतो, जातो. सगळ्या गावाला दिसतं. तुला देतो नि त्यांना का नाही, असं विचारतात लोक. काय सांगू?" तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "दिलेला शब्द मोडवत नाही मला. तुला ठाऊक आहे."

वहिनी दारात उभी होती. बाबा गेले तेव्हा हक्कसोडीचे कागद करायचे राहिले होते. दादाने मागितले नाहीत, मी दिले नाहीत; दोघांनाही तो विषय काढायची लाज वाटत होती. माहेरची वाट राहावी म्हणून बहिणी सही करून मोकळ्या होतात. मीही केली असती, कुणी कागद पुढे केला असता तर.

"दादा, सातबाऱ्यावर माझं नाव आहे," मी म्हटलं.

आत माठाखाली थेंब पडत होता तो ऐकू आला.

"मला वाडी नको, केळ्याचं पान नको. शब्द तू दिलास, तो तुझ्यापाशी ठेव. टँकर वळायची जागा मी दिली होती, तीन डंपर पाठवून. तेवढी मी उद्या परत घेते."

दादाचा चेहरा उतरला. इतकी वर्षं मी त्या घरात पाहुणी म्हणून जेवले, आणि आता ओटीवर बसल्या बसल्या हिस्सा काढला. तो उठला, चपला घातल्या, पुन्हा काढल्या. "मी फावडं धरणार नाही," म्हणाला. "अडवणारही नाही."

मी निघाले तेव्हा वहिनी कुंपणापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "साडेपाचला या. ऊन चढायच्या आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी गेले. वहिनीने गावातले दोन गडी बोलावून ठेवले होते, पहारी आणि चार घमेली ओळीने मांडलेली. पदर खोचलेला. पहिली पहार टँकरच्या चाकांनी दाबलेल्या जमिनीवर टणकन आपटली आणि उसळली. मग मऊ लागलं. लाद्यांचे तुकडे निघायला लागले, आमच्याच आवारातले, लाल आणि राखाडी, नक्षी अजून तशीच. त्याखाली सिमेंट. त्याखाली, हातभर खोल गेल्यावर, काळा गाळ. तो वास आला. मी चपला काढल्या आणि उतरले. पोटरीवरून काहीतरी वळवळत गेलं. बघायला थांबले नाही.

सातच्या सुमाराला त्या नव्या इमारतीचा टँकर गल्लीत आला आणि हॉर्न वाजला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून खड्डा बघितला.

"मावशी, गाडी कुठे वळवू?"

"वळवू नका. आलात तशी मागे न्या."

त्याने ओटीकडे बघितलं. दादा तिथे पेपर उघडून बसला होता, वर बघेना. मग ड्रायव्हर शिवी गिळून गाडी मागे घ्यायला लागला. अख्खी गल्ली उलटी, दोन्ही बाजूंच्या कुंपणांना आरसे घासत. वहिनीने तिकडे पाहिलंही नाही. तिने घमेलं भरून माझ्या हातात दिलं. मी ते केळीच्या बुडाशी नेऊन ओतलं आणि दुसऱ्यासाठी परत आले.